टपालकाकांचा उलटा कागद

टपालकाकांच्या हिशेबी चढ दोनच प्रकारचे. ज्यावर सायकलवरून खाली उतरावं लागतं तो चढ, आणि ज्यावर उतरावं लागत नाही तो 'जरासा'. एकतीस वर्षं पत्रांची थैली हँडलला अडकवून सायकल हाणली की पायांची अशी मतं बनतात. निवृत्त झाल्यावर ते गावातल्या सायकल-सहलींच्या ऑफिसात मार्गाचे कागद लिहायला लागले आणि ही मतं जशीच्या तशी कागदावर आली. 'दूध केंद्रानंतर जरासा चढ.' 'पाण्याच्या टाकीपाशी जरासा चढ, मग पुन्हा जरासा.' बाहेरगावची माणसं तो कागद चिमट्याने हँडलला लावून हसत निघायची आणि संध्याकाळी टोमॅटोसारखी होऊन यायची. तोंडावर सगळे त्यांना टपालकाका म्हणत. पाठीमागे जरासेकाका.

ऑफिस म्हणजे सायकलच्या दुकानामागची खोली. भिंतीवर ट्यूबा टांगलेल्या, कोपऱ्यात पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, आणि नकाशाखाली केसांत पेन खोचून बसलेल्या मालकीणबाई. बाईंचं कुठलंही वाक्य 'लक्षात येतंय का?' म्हटल्याशिवाय संपायचं नाही. चहा मागवतानासुद्धा. "दोन चहा, एक बिनसाखरेचा, लक्षात येतंय का?"

एके दिवशी त्यांनी नकाशातल्या किनाऱ्याच्या मार्गावर पेन ठेवलं. हा मार्ग म्हणजे काकांची जुनी टपालाची फेरी. गावातून निघायचं, शेतांमधल्या टेकड्या चढत-उतरत पुढे जायचं, मोडक्या बुरुजापाशी समुद्र गाठायचा आणि किनाऱ्याने जुन्या बंदरापर्यंत.

"काका, दुपारी किनाऱ्यावर वारा तोंडावर येतो. लोक कुरकुरतात. तर आता उलट करू. सकाळी माणसं गाडीने बंदरावर सोडायची, तिथून सायकलने गावात. वारा पाठीशी, शेवट आपल्या दारात. लक्षात येतंय का?"

"येतंय की. कागद उलटा करून देतो. उद्याच."

काकांनी घरी जेवणाच्या टेबलावर जुना कागद पुढे घेतला आणि खालून वर लिहायला सुरुवात केली. डावीचं उजवं, उजवीचं डावं, चढाचा उतार, उताराचा चढ. समोर काकू मटार सोलत बसल्या होत्या.

"अहो, एकदा जाऊन तरी या त्या बाजूने."

"एकतीस वर्षं गेलोय."

"जाताना गेलात. येताना कुठे आलात?"

हे खरं होतं. बंदरावर शेवटचं पत्र टाकलं की काका सायकल टपालगाडीच्या टपावर चढवत, आत पोत्यांना टेकत आणि गाव येईपर्यंत घोरत. त्या रस्त्याची पाठ त्यांनी जन्मात बघितली नव्हती.

"अगं, रस्ता काय बदलतो का? तोच रस्ता."

"पुढून पाहिलेलं माणूस मागून ओळखू येतंच असं नाही."

"तुला येतो का मी मागून ओळखू?"

"तुम्ही येता. टकलावरून."

काकांनी 'बुरुजापासून सरळ, जरासा चढ' असं लिहून खाली रेघ मारली.

शनिवारी अकराजण तो कागद घेऊन बंदरावरून निघाले. त्यांच्या म्होरक्या होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. दुपारी त्यांचा ऑफिसात फोन आला. आवाज अगदी खुर्चीत आडवं केलेल्या पेशंटशी बोलतात तसा.

"काका, घाबरू नका हं. अगदी छोटासा प्रश्न. बुरुजापासून सरळ म्हणजे नक्की किती सरळ?"

"नाकासमोर."

"बरं. कारण नाकासमोर दगडाची खाण आहे. आम्ही खाणीत आहोत. वॉचमनने बसायला दिलंय."

झालं होतं ते असं. गावाकडून येताना बुरुजाच्या थोडं वर दुसरा एक रस्ता मागून येऊन मिळतो. उतारावर सुटलेल्या सायकलस्वाराला तो दिसायचं कारण नाही. काका पुढचा समुद्र बघत पॅडल न मारता खाली येत, आणि दोन रस्त्यांचा एक कधी झाला हे त्यांना कळतही नसे. पण खालून वर जाणाऱ्याला तिथे एका रस्त्याचे दोन होतात. दोन्ही सारखेच सरळ. त्यात खाणीचा जास्त रुंद, ट्रकनी गुळगुळीत केलेला. अकराच्या अकरा माणसं सज्जनपणे रुंद रस्त्याने गेली होती.

संध्याकाळी ती गावात पोचली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हेल्मेट काढलं आणि काकांचा हात हातात घेतला. "मी रोज लोकांना सांगते, अजिबात दुखणार नाही. तुम्ही लिहिता, जरासा चढ. आपण दोघं एकाच शाळेतले दिसतो."

सगळे हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत. सोमवारी त्यांनी टेबलावर आपला फोन ठेवला.

"यात एक बाई बोलते. उजवीकडे वळा म्हणते. तिला गुडघे नाहीत, झोप नाही, आणि ती कुणाला खाणीत नेत नाही. शुक्रवारपर्यंत तुम्ही स्वतः त्या बाजूने सायकल चालवून कागद आणा. नाहीतर यापुढे सगळे मार्ग फोनवर. तुमचा एकही कागद नको. लक्षात येतंय का?"

या वेळी काका 'येतंय की' म्हणाले नाहीत.

पेन्शन चालू होती, पोटाचा प्रश्न नव्हता. पण निवृत्तीनंतरचे पहिले चार महिने काकांनी घरात काढले होते, आणि त्या चार महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर पत्ता चिकटवला होता. 'साखर, वरची फळी, खिडकीजवळ.' काकू साखर हलवत, काका ती परत पत्त्यावर पोचवत. शेवटी सायकल-सहलीवाल्यांकडे लिहिणारा माणूस हवाय ही बातमी काकूंनीच आणली होती. आता सोमवारी संध्याकाळी सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "बुधवारी जा. मी डबा देते. आणि गुडघ्याला पट्टा बांधा, मिरवू नका."

बुधवारी काका सायकलसकट बंदरावर उतरले. जकातीची जुनी इमारत मागून बघितली तर तिला जिना होता. वाळूत अर्धी रुतलेली तोफ त्यांना आजवर ओंडक्यासारखी वाटायची. या बाजूने तिचं तोंड दिसत होतं, आणि त्यात कुणाचीतरी चप्पल होती. वारा पाठीशी असल्याने किनारा बघता बघता संपला. काकांनी वहीत लिहिलं, 'बाईंचं वाऱ्याचं बरोबर.'

मग बुरूज आला आणि चढ सुरू झाला. काका सीटवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठले ते थेट जमिनीवर. ज्या उतारावर त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही ब्रेक सोडून कशाला हात लावला नव्हता, त्यावर ते सायकल ढकलत चालले, आणि वाटेत चारदा थांबले. एकदा तर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. आसपास बघायला कुणी नव्हतं, तरीही.

फाट्यावर दोन रस्ते समोर उभे राहिले. रुंद तो खाणीचा हे ऐकून माहीत होतं, नाहीतर आपला कुठला हे काकांनाही सांगता आलं नसतं. झाडं अनोळखी, कुंपणं अनोळखी. खाणीचा रस्ता रुंद आहे असं लिहावं, तर ट्रक बंद झाले की तोही अरुंद होईल. पाटी आहे असं लिहावं, तर पाटी नव्हती. ते डाव्या रस्त्याने पन्नास पावलं गेले आणि वैतागून धापा टाकत मागे वळले. तर खाली त्यांचा समुद्र होता, तोच, रोजचा. पाण्यात तीन काळे खडक, एकामागे एक, शाळेतल्या पोरांसारखे ओळीत. उजव्या रस्त्यावरूनही त्यांनी वळून पाहिलं. तिथून खडक फाकलेले दिसत होते.

शुक्रवारी मालकीणबाईंनी केसांतलं पेन काढलं आणि कागद वाचला. "'बुरुजानंतर चढ. उतरावं लागतं.' बरं. 'फाट्यावर डावीकडे. पन्नास पावलांवर मागे वळून बघा. समुद्रात तीन खडक एका रांगेत दिसले तर रस्ता बरोबर.'" त्यांनी मान वर केली. "सायकलवर माणूस मागे वळून बघत नाही, काका. लोक त्यासाठी थांबतील?"

"बाई, तुम्ही तो चढ पाहिलाय का? थांबतीलच."

"उद्या डॉक्टरीणबाई पुन्हा येतायत. फोन मी बंद ठेवायला सांगते. पोचले तर तुमचा कागद. नाही पोचले तर माझा फोन. लक्षात येतंय का?"

शनिवारी माणसं चारला यायची होती. साडेचार झाले. काका दुकानाच्या पायरीवर बसून होते. मालकीणबाई एकदा बाहेर येऊन रस्त्याकडे बघून गेल्या. पाऊण तास उशिराने वळणावर पहिलं हेल्मेट दिसलं, मग बाकीची. काकांनी बोटांवर मोजली. अकरा.

"खाण?" काकांनी विचारलं.

"नाही हो. अगदी बरोबर डावीकडे वळलो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पन्नास पावलं मोजली, मागे वळलो, तर खडक दोनच! म्हटलं, घाबरायचं नाही. उजव्या रस्त्यावर जाऊन पाहिलं, तिथेही दोनच. मग सगळे पुन्हा डावीकडे येऊन बसलो. सफरचंदं खाल्ली. अर्ध्या-पाऊण तासाने तिसरा दाढेसारखा वर आला, आणि मग निघालो."

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्यांना हसू आवरेना.

"भरतीला एक बुडतो," काका म्हणाले. "मला माहीत होतं."

"मग लिहिलं का नाहीत?"

काकांनी जरा विचार केला. "तुम्हाला माहीत नसेल, हे माहीत नव्हतं."

मालकीणबाईंनी केसांतलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. काकांनी डॉक्टरीणबाईंच्या हँडलवरचा घामाने ओला झालेला कागद चिमट्यातून सोडवला, पायरीवर ठेवून सपाट केला आणि खडकांच्या ओळीपुढे जागा शोधू लागले.