आठवीतल्या अकराजणी

न्यालुहांगा सकाळी सकाळी कोंबडी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा एडिथाला वाटलं विकायलाच आणली असेल.

“केवढ्याला देणार?”

न्यालुहांगानं तोंडावर हात ठेवला. “विकायची नाही, मॅडम. माफीची आहे.”

“कसली माफी?”

“ते तुम्हीच सांगा. माझ्या लुसुंगूनं काय केलं? बादली घासली नव्हती? पाण्यात काडीकचरा होता? काल रात्री बडवलं मी तिला, तरी म्हणते काही केलं नाही.”

पाय बांधलेली कोंबडी न्यालुहांगाच्या काखेतून एडिथाकडे टकामका बघत होती. एडिथानं कोंबडी आत घेतली. माफीची कोंबडी परत पाठवली तर भांडण होतं, एवढं पाच वर्षांत तिला कळलेलं होतं. पण स्वतःची बादली स्वतः भरली तर त्याचा अर्थ काय होतो, हे मात्र तिला कळलेलं नव्हतं.

झालं होतं ते इतकंच. आदल्या दिवशी सकाळी ती डोक्यावर चुंबळ ठेवून हापशावर गेली होती. अर्धं पाणी वाटेत अंगावर सांडलं, बायका पोट धरधरून हसल्या, तीही हसली. एडिथा सुमागायसाय मूळची फिलिपिन्सची. तिकडच्या एका लहानशा बेटावर एकवीस वर्षं गणित शिकवून, नवरा गेल्यावर, दोन वर्षांच्या करारावर ती उत्तर मलावीतल्या चिवुंगाच्या शाळेत आली. मग करार वाढवत राहिली. चिवुंगात शिक्षकांची सहा घरं. रोज सकाळी आठवीच्या अकरा मुलींनी त्या घरांची पिंपं भरायची. हापसा अर्ध्या मैलावर, त्याला रांग. शाळा साडेसातला भरे आणि मुली वर्गात येत त्या आठ वाजून गेल्यावर, ओल्या खांद्यांनी. पहिला तास गणिताचा.

एडिथाच्या दारातही दोन बादल्या येत. पाच वर्षं तिनं ते पाणी वापरलं, प्याली, त्यात भात शिजवला. मुलींचं डोकं अपूर्णांकात चालत नाही, असं मुख्याध्यापक चिर्वा सर म्हणत. तिनंही मान डोलावलेली होती. पाच वर्षांत शाळेतली एकही मुलगी आठवीच्या परीक्षेतून हायस्कूलला गेलेली नव्हती.

यंदा तिनं आपल्या बादल्या भरणाऱ्या लुसुंगूला फळ्यावर बोलावलं. पोरीला सुरुवातच करता येईना. एडिथानं वैतागून पहिल्या दोन पायऱ्या स्वतः लिहून दिल्या, आणि लुसुंगूनं उरलेलं गणित सरसर सोडवलं, एकही चूक नाही. मग दुसरीला बोलावलं, तिसरीला. सगळ्यांचं तेच. प्रत्येक गणिताचा शेवट पाठ, सुरुवात कुणी ऐकलेलीच नाही.

त्या दिवशी एडिथाला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती बादली घेऊन निघाली.

“तुमच्या मुलीनं काही केलेलं नाही,” आता ती न्यालुहांगाला म्हणाली. “तिनं वर्गात बसावं म्हणून मी पाणी आणलं.”

“असं कसं?” न्यालुहांगा उंबऱ्यावर बसली. “पाणी भरणारी पोर म्हणजे वळणाची पोर. तुम्ही स्वतः भरलंत. आता हापशावर बोलतात, न्यालुहांगाच्या पोरीच्या हातचं पाणी मॅडमना चालत नाही. उद्या तिला करून कोण घेईल?”

 एडिथा तडक चिर्वा सरांकडे गेली.

सर सभ्य माणूस. कोट उन्हाळ्यातही उतरत नसे. “मॅडम, ही शिस्त आहे. माझ्या बहिणींनी शिक्षकांचं पाणी भरलं.”

“त्या कुठल्या हायस्कूलला गेल्या, सर?”

सरांनी कोटाचं बटण लावलं. “पाणी चालू राहील.”

“मग मुली येईपर्यंत गणित चालू राहणार नाही.”

आणि तिनं तसंच केलं. साडेसातला वर्गात जाई, खुर्चीवर बसे, खडू टेबलावर ठेवी आणि हाताची घडी घाली. समोर एकतीस मुलगे. पहिल्या दिवशी त्यांना मजा वाटली. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकांवर कुस्ती झाली. तिसऱ्या दिवशी मुलग्यांच्या बापांना कळलं, आणि चौथ्या दिवशी चारपाच सायकली शाळेच्या भिंतीला टेकल्या.

“मॅडम, पगार कशाचा घेता?” एकानं विचारलं.

“बेचाळीस मुलांना शिकवायचा. एकतीसच आहेत. बाकीची आणून द्या.”

“त्या मुली आहेत हो.”

“हजेरीपुस्तकात आहेत.”

चिर्वा सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. मॅडम शिकवत नाहीत, असं जिल्ह्याला कळवावं लागेल. करार या वर्षअखेर संपतोय, हेही त्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं.

“लिहा,” एडिथा म्हणाली. “कारणही लिहा. तुम्हाला जमत नसेल तर कारण मी लिहिते, सही तुम्ही करा.”

बाहेर येऊन तिनं घरून बादली घेतली. परत जायचं कुठे, हा प्रश्न तिनं मुद्दामच स्वतःला विचारला नाही.

हापशावर तिची गाठ पडली ती न्यागोंडवेशी, चिर्वा सरांच्या बायकोशी. न्यागोंडवे कमरेवर हात ठेवूनच उभी होती.

“तुमचं बरं आहे, मॅडम. एकटं पोट, दोन बादल्या. माझ्या घरात नऊ माणसं, माझा गुडघा असा. तुमच्या अपूर्णांकानं माझं पिंप भरणार आहे का?”

“तुम्हाला चार मुलगे आहेत.”

“मुलगे डोक्यावर बादली घेतील? लोक हसतील!”

“मला हसले. मेले का मी?”

रांगेतल्या दोघीतिघी फिसकन हसल्या. न्यागोंडवे हसली नाही. “तुम्ही जाल निघून,” ती म्हणाली. “आम्हाला इथंच राहायचंय.”

हे खरं होतं आणि एडिथाला लागलं.  ती हापसा मारायला लागली.

शनिवारी ती लुसुंगूची वही घेऊन न्यालुहांगाच्या घरी गेली. न्यालुहांगा मका निवडत होती. तिला अक्षर येत नव्हतं. एडिथानं वही तिच्या मांडीवर उघडून ठेवली.

न्यालुहांगानं पान उलटलं. दुसरं उलटलं. “वर रिकामं का सोडलंय? सगळ्या पानांवर?”

“तेवढा वेळ तुमची मुलगी माझं पाणी भरत होती.”

न्यालुहांगानं बोट रिकाम्या जागेवरून फिरवलं, पान पुसावं तसं. मग वही मिटली.

“मी तिला उगाच मारलं,” ती म्हणाली.

“पाच वर्षं मीही ते पाणी प्याले.”

“मग दोघींनी मिळून मारलं म्हणायचं.” न्यालुहांगा उठली आणि मका भरलेलं सूप बाजूला ठेवलं. “इतर दहाजणींच्या आयांना वह्या दाखवल्यात?”

“नाही.”

“तुम्ही नका दाखवू. तुमची भाषा ऐकून हसू येतं आम्हाला. मी दाखवते.”

सोमवारी साडेसातला एडिथा वर्गात आली आणि दारातच थबकली. अकराही जणी बाकांवर होत्या. कुणाचेही खांदे ओले नव्हते.  तिनं खडू उचलला आणि एकतृतीयांश अधिक एकद्वितीयांश पहिल्यापासून मांडायला घेतलं.

पावणेआठला चिर्वा सर दारात आले. हातात छडी होती.

“लुसुंगू! बादल्या कुठे आहेत?”

मोठ्या माणसाशी बोलताना मुलगी गुडघे टेकते, ते इथं कुणाला शिकवावं लागत नाही. लुसुंगू बाकावरून बाहेर आली, दोन्ही गुडघे जमिनीला टेकले, नजर खाली, हात जोडून मांडीवर. आवाज अगदी मऊ.

“नमस्कार, सर. बादल्या घरी आहेत, सर.”

“मग ऊठ आणि जा.”

“हे गणित झाल्यावर, सर.”

तिच्या मागे दुसरीनं गुडघे टेकले. मग तिसरीनं. क्षणात अकराही जणी बाकांच्या मधल्या वाटेत गुडघ्यांवर होत्या, कुणाच्या मुठीत पेन्सिल, कुणाच्या मांडीवर वही. एकीचीही मान वर नाही. अशा पोरीवर छडी उगारायची तर उद्धटपणा कुठे आहे ते आधी दाखवायला हवं, आणि तो शोधूनही सापडत नव्हता. मागच्या बाकावर न्यागोंडवेचा थोरला बसला होता. तो बापाकडे न बघता खिडकीबाहेर बघायला लागला.

चिर्वा सरांनी एडिथाकडे पाहिलं. एडिथानं खडू खाली ठेवला नाही.

“हे गणित संपायला,” सर शेवटी म्हणाले, “किती वेळ लागेल?”

उत्तर एडिथानं द्यायचं होतं. पण लुसुंगूनंच मान खाली घालून, तितक्याच मऊ आवाजात सांगितलं.

“परीक्षा मेमध्ये आहे, सर. तोपर्यंत.”