परत कवा जायचंय?

आमच्या टेबलावर किस्से फार साठतात. आमच्या बायकांचं म्हणणं, ज्यांना काम नसतं त्यांच्याकडंच ते साठतात! असेल बुवा. जळकोटला हायवेवर मल्लूचं हॉटेल आहे, तिथं सकाळच्या चहाला आम्ही शाळेपासूनचे दोस्त जमतो. मी खताचा दुकानदार. बालाजी एस.टी.चा कंडक्टर, आता रिटायर. आणि तिसरा सुभ्या. हा गडी तीस-बत्तीस वर्षं कॅनडात होता, तरी टेबलावरचे निम्मे किस्से त्याचेच!

बाहेरून आलेल्या माणसाला आमच्या गावात दोनच प्रश्न विचारतात. "कवा आलास?" आणि त्याला जोडूनच, "परत कवा जायचंय?" वाईट हेतू कुणाचाच नसतो, तोंडाला सवय झालेली असते. पण या दुसऱ्या प्रश्नानं सुभ्याचा पार घाम काढला, ते सांगतो.

*

पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. गॉगल, पांढरे बूट, हातात पाण्याची सीलबंद बाटली. आमच्या हापशाचं पाणी पिऊन मोठा झालेला माणूस, पण बाटली खाली ठेवीना!

मल्लूनं चहा ठेवता ठेवता विचारलं, "कवा आलास रं?"

"परवा."

"परत कवा जायचंय?"

"सोळा तारखेला!" सुभ्या छाती काढून म्हणाला. "विमानात विंडो सीट हाय!"

मग न्हाव्यानं विचारलं, तलाठ्यानं विचारलं, देवळातल्या गुरवानं विचारलं. सगळ्यांना यानं हौसेनं तारीख सांगितली आणि विंडो सीटही सांगितली. बालाजी तेव्हा नवीनच कंडक्टर झालेला. तो अगदी गंभीर तोंड करून म्हणाला,

"विंडो सीट? मग खिडकीतनं रुमाल कुणी टाकला?"

*

पस्तिशीत आला तो मास्तर होऊन. उठता-बसता "आमच्याकडं कॅनडात असं नसतं." रांग अशी नसते, कचरा असा नसतो. सगळ्यात जास्त राग हॉर्नवर. "आमच्याकडं हॉर्न वाजवणं म्हंजी शिवी देण्यासारखं हाय," असं त्यानं आम्हाला ऐकवलं आणि माझी स्कूटर घेऊन शेताकडं गेला.

वाटेत म्हशींचा कळप आडवा. सुभ्या थांबला. म्हशी हलेनात, हा हॉर्न वाजवीना. पंधरा-वीस मिनिटं दोन्ही पार्ट्या एकमेकांकडं बघत उभ्या! शेवटी म्हशींचा मालक जवळ आला आणि काळजीनं म्हणाला,

"पाव्हणं, हॉर्न बिघडलाय व्हय? म्या वाजवू का तोंडानं?"

*

चाळिशी ओलांडली आणि गडी बदलला. दर रविवारी फोन. गावात पाऊस किती, त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या काकूंनी, भाजी काय केली, मल्लूचा चहा अजून तसाच पांचट हाय का? मला तर वाटायचं, जळकोटची बातमी माझ्याआधी त्यालाच कळते.

एकदा येळवशीला व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडं येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, आली की सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पुजायचे आणि मग सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी आणि आंबील ओरपायची. सुभ्यानं तिकडं बिल्डिंगच्या मागं, गुडघाभर बर्फात पांडव मांडलेले! कोप खोक्याची. अंगात तीन स्वेटर.

"दिसलं का पांडव?" सुभ्या.

आम्ही मोबाईल डोळ्याला लावून बघतोय. पांढरा बर्फ, पांढरा चुना. काय दिसणार, कप्पाळ? वर आणखी बर्फ पडायला लागला. सुभ्यालाही सापडेनात, हातमोजे घालून चाचपायला लागला.

बालाजी म्हणाला, "अज्ञातवासात गेलं काय रं?"

सुभ्या पोट धरून हसला. हसता हसता रडायलाच लागला, आणि फोन बंद केला. आम्हाला त्या दिवशी भज्जी गोड लागली नाही, खरं सांगतो.

*

मग त्यानं आईलाच तिकडं नेलं. आमच्या काकू म्हणजे तोफ. सहा महिन्यांचं तिकीट काढून गेल्या आणि दोन महिन्यांत परत! तिथं पोचल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकाला विचारलं म्हणे, "मला परत कवा जायचंय?"

मल्लूनं विचारलं, "काकू, करमलं न्हाय का?"

"समदं ब्येस हाय रं बाबा. पर तिथं कुणी आलं तर आधी फोन करून येतंय! सांगून येणारं माणूस, त्ये काय माणूस हाय?"

*

मागच्या वर्षी सुभ्या कायमचा आला. वय अठ्ठावन्न. बायकोची नोकरी दोन वर्षांनी संपणार, मग तीही येणार. गॉगल नाही, बाटली नाही. आला तो हापशावर जाऊन ओंजळीनं पाणी प्यायला आणि हॉटेलात येऊन बसला.

मल्लू म्हणाला, "कवा आलास? परत कवा जायचंय?"

"जायचं न्हाय आता."

"अरारा! नोकरी गेली का?"

पुढं महिनाभर हेच. शेवटी बालाजीनं पाटी रंगवून हॉटेलात लावली : 'सुभाषराव कायमचे आले आहेत. विचारू नये.' लोकांनी ती पाटी वाचली, माना डोलावल्या आणि सुभ्याला विचारलं,

"कायमचं म्हंजी किती दिवस?"

आम्ही हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "लेका, एके काळी ह्या प्रश्नाला म्या फुगायचो. आता काळजात घुसतोय. घरी आईनं माझी बॅग माळ्यावर टाकू दिली न्हाय. म्हणती, 'खालीच राहू दे, परत काढायला माणूस कुठनं आणू?' बाहेरच्यांचं सोड. पर आईला तरी पटावं की रं, म्या आलोय म्हणून!"

 

*

आता परवाचं. सुभ्याची लेक कॅनडातून यायची होती. पोरगी तिथंच जन्मलेली, नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच येत होती. सकाळी सुभ्या जवळजवळ पळतच हॉटेलात आला.

"आईनं बॅग माळ्यावर टाकायला लावली! म्हणली, नातीच्या बॅगला जागा कर, तुझी काय आता लागती?"

मल्लूनं त्याच्यापुढं चहा ठेवला. काही विचारलं नाही. फुल कप होता, आणि पांचटही नव्हता! सुभ्या तो एवढा सावकाश पीत होता की गार झाला असेल.

तेवढ्यात हायवेवर गाडी थांबली. पोरगी उतरली. गॉगल, पांढरे बूट, हातात पाण्याची सीलबंद बाटली. सुभ्या चहा सोडून धावला, तिला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला आणि आम्हा सगळ्यांच्या देखत म्हणाला,

"कवा उतरलीस, बाळा? परत कवा जायचंय?"

"सोळा तारीख, बाबा!" पोरगी आनंदानं म्हणाली. "विंडो सीट!"

बालाजी उठला. खिशातला रुमाल काढून त्यानं सुभ्याच्या हातात दिला.