सहलप्रमुख सांडू गुरुजी

सांडू गुरुजींनी सुनेपुढं कागद सरकवला. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "वाच आणि खाली सही कर. दोन प्रती आहेत."

तनुजा नुकतीच बँकेतून आली होती. खांद्यावरची पर्ससुद्धा अजून उतरली नव्हती. तिनं वाचलं. 'माझे पाल्य चि. सार्थक व कु. सायली हे स्पेन देशातील समुद्रकिनारी आठ दिवसांच्या सहलीस जात असून, त्यास माझी संपूर्ण संमती आहे.' खाली पालकाचं नाव, सही, दिनांक.

"आबा, हे संमतीपत्र आहे."

"व्हय. पालकांचं."

"पण पालक मीच आहे. आणि मी पण येतेय सहलीला."

"म्हणून तर सोपं झालं. आमच्या वेळी एकेका सहीसाठी बापाला शेतात गाठावं लागायचं."

तनुजानं उभ्या उभ्या सही केली. दोन्ही प्रतींवर. लग्नानंतरच्या दहा वर्षांत तिला एवढं कळलं होतं की सासऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा सही लवकर होते.

गुरुजींनी गंगापूर तालुक्यातल्या एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर बायको भागूबाई आणि ते शहरात मुलाकडं राहायला आले. मुलगा गोकुळ शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर. फेब्रुवारीत कंपनीनं त्याला सहा महिन्यांसाठी स्पेनला धाडलं. तिथं त्यानं एक लहानसं कोळ्यांचं गाव हुडकलं, समुद्राला लागून एक घर जूनमधल्या आठ दिवसांसाठी ठरवलं आणि सगळ्यांना बोलावलं. त्या गावाचं नाव घरात कुणालाच धड घेता येईना, म्हणून सगळे त्याला 'गोकुळचं गाव' म्हणायला लागले.

आणि गुरुजींच्या अंगात एकतीस वर्षांचा सहलप्रमुख संचारला. गुलमंडीच्या बाजारातून त्यांनी सहा नारंगी टोप्या आणल्या, सगळ्या एका रंगाच्या. पाण्यात पोर लांबून ओळखू आलं पाहिजे. एक शिट्टी आणली. फ्रिजवर वेळापत्रक डकवलं: साडेपाचला उठणे, सहाला परिपाठ, साडेसहाला न्याहारी, बाराला जेवण.

गोकुळनं व्हिडिओ कॉलवर ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आबा, इथं जेवण तीनला असतं. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. साडेपाचला उठून पोरं काय करतील, गावातलं कुत्रंसुद्धा उठत नाही."

गुरुजींनी बराच विचार केला. "बरं. परिपाठ सातला घेऊ."

सगळं आखून झालं होतं. एक गोष्ट राहिली होती. मंगळवारी सगळ्यांनी पुण्याला जाऊन व्हिसाचे अर्ज आणि मोठ्यांच्या बोटांचे ठसे द्यायचे होते, पाच जणांपैकी चौघांचे अर्ज भरून तयार होते, आणि गुरुजींचा अर्ज तेवढा कोरा होता. रोज नवी सबब. कधी फोटोत कान नीट आले नाहीत, कधी पासपोर्टवरची सही वेगळी दिसते, कधी गुडघा. आणि भागूबाईंनी तर सांगूनच टाकलं होतं, तुम्ही नाय तर मी नाय.

शनिवारी दुपारी तनुजानं अर्ज आणि पेन त्यांच्यापुढं ठेवलं.

"आबा, आज खरं काय ते सांगा."

"तुम्ही जाऊन या ना. नियोजन मी केलंय, कागद बरोबर द्या. मी इथं कुलूपकिल्ली बघतो."

भागूबाई गच्चीवर कुरडया वाळत घालून खाली आल्या होत्या. हाताला चीक तसाच. "कुलूपकिल्ली म्हणे. कुलपाला काय दर तासाला पाणी पाजायचंय?"

"तू गप बस गं."

"लई वर्षं बसले." त्या सुनेकडं वळल्या. "त्यांना कडूबाचं इचार."

गुरुजी खिडकीकडं बघायला लागले. मग भागूबाईंनीच सांगायला सुरुवात केली, आणि चार वाक्यांत गुरुजींना राहवेना. त्या चुकीचं सांगत होत्या.

"चाळीस नव्हती, एक्केचाळीस पोरं होती," ते म्हणाले.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेची सहल एसटी करून कोकणात गेली होती. त्या पोरांनी आयुष्यात मोठं पाणी बघितलं होतं ते पैठणचं नाथसागर धरण. भागूबाईंनी शेजारणींना हाताशी धरून दोनशे दशम्या भाजल्या होत्या आणि शेंगदाण्याची चटणी कुटली होती. पोरं किनाऱ्यावर उतरली आणि मुकी झाली. मग मुक्ता नावाची एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, पल्याड कोणतं गाव हाय?" गुरुजी म्हणाले, अरबस्तान. तर पोरं टाचा उंच करून अरबस्तान बघायला लागली. कुणाला तिथलं देऊळ दिसलं, कुणाला विजेचे खांब दिसले.

सांगता सांगता गुरुजींचा चेहरा पार तरुण झाला होता. आणि मग आवाज खाली आला.

"परत निघताना मोजली. चाळीस भरली. पुन्हा मोजली, चाळीस. कडूबा नव्हता. भरती लागलेली. मी कपड्यांनिशी छातीएवढ्या पाण्यात गेलो. त्याच्या आईची सही माझ्या खिशात होती, अंगठा होता तिचा. तो कागद भिजला."

"मग? सापडला?" तनुजानं विचारलं.

"एसटीत मागच्या बाकड्याखाली झोपला होता गधडा. अर्धा तास मी त्याला पाण्यात हुडकत होतो. नंतर किती सहली नेल्या, वेरूळ नेली, दौलताबाद नेली. पण समुद्राचं नाव काढलं नाही. आता सार्थक आठ वर्षांचा, सायली पाचाची. तिथं मी असलो की मोजत बसणार. तुमची सुट्टी नासवणार."

"मग मोजू नका," तनुजा म्हणाली. "मोजायला मी आहे, गोकुळ आहे. तुम्ही शिक्षक म्हणून येऊ नका, पोरांपैकी एक म्हणून या. आम्ही तुम्हाला धरून मोजू."

"असं कुठं असतं?"

"असतं. शिट्टी माझ्याकडं द्या."

गुरुजी शिट्टी द्यायला तयार होईनात. तेव्हा भागूबाई पुढ्यात येऊन बसल्या आणि वेगळंच विचारलं. "अवो, मला इतकं सांगा. कसा असतो तो समुद्र? दोनशे दशम्या भाजल्या मी. तवा म्हणला होतात, जागा नाय, पुढल्या साली नेतो. पुढलं साल काय आलं नाय. मला सांगा तरी, कसा दिसतो?"

गुरुजींनी तोंड उघडलं. एक्केचाळीस चेहरे डोळ्यांपुढं आले. मुक्ताच्या वेणीची सुटलेली रिबीन, कुणाच्या चड्डीचा तुटका बंद, दात वाजणारी पोरं. एकेक पोर आठवत होतं. त्यांच्या मागचं पाणी काही केल्या आठवेना.

"मी..." ते थांबले. "मी समुद्राकडं पाठ करून उभा होतो. सबंध दिवस. पोरांवर नजर ठेवायची तर तोंड पोरांकडंच लागतं ना. पाण्यात शिरलो तेव्हाही डोळे कडूबालाच हुडकत होते."

"म्हंजी तुम्ही पण नाय बघितला?"

"नाय."

भागूबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. जे मिळालं नाही म्हणून सव्वीस वर्षं राग मनात दाबून ठेवला, ते त्या माणसालाही मिळालं नव्हतं. त्यांनी पदराला चीक पुसला आणि पेन उचलून त्यांच्या हातात दिलं.

गुरुजींनी सही केली. पासपोर्टवर होती अगदी तशीच. मग खिशातून शिट्टी काढून तनुजापुढं ठेवली.

सायली आतून डोळे चोळत आली, आजोबांच्या मांडीवर चढली आणि पेन ओढत म्हणाली, "आबा, समुद्र केवढा असतो?"

एकतीस वर्षांत गुरुजींनी कुठल्याच पोराला हे उत्तर दिलं नव्हतं.

"माहीत नाही बाळा," ते म्हणाले. "तुझ्या आजीला पण नाही."