वैनी, वाढा

मी भामाबाई. कोरेगावच्या स्टेशनाजवळ राहीबाईची खानावळ व्हती, तितं भाकरी थापायची. लोक म्हणायचे, राहीबाई लय खवाट. असंल! पर का, ते कुणी इचारलं?

लग्न होऊन आली तवापासनं राही सासरच्या चुलीम्होरंच. गावच्या जत्रंला मटण तिच्याच हातचं. दोनशे पानं उठायची आन् लोक बोटं चाटत घरी जायचे. नवरा मानसिंग पलटणीत व्हता, तो त्रेचाळीस साली लढाईत गेला. पुढच्या जत्रंला बी तीन हंडे तिनंच शिजवले. वाढायला पळी उचलली, तर धाकटा दीर लालासाहेब समद्या पंगतीसमोर पळी हिसकून म्हणाला, "वैनी, आत व्हा. विधवेचा हात पंगतीत नगं."

बघा! शिजवायला तोच हात चालला, वाढायला इटाळ! मेल्याला तितंच हंड्यात बुडवायला पायजे व्हता. पंगतीतले समदे गडी माना खाली घालून रस्सा वरपत बसले.

राहीनं तितंच शपत घेतली. "भावजी, ह्याच तोंडानं चारचौघांत माझ्या हातचं मागशीला. तवर मटणाचा घास माझ्या तोंडात जायचा न्हाई." एक पातेलं आन् वरवंटा घिऊन चालत कोरेगावला आली.

रेशनिंगचे दिस. गाडीवान आपलं पीठ आणायचे, ही भाकरी करून द्यायची, वर कालवण घालायची. वर्साच्या आत पत्र्याचं छप्पर झालं, चूल दुहेरी झाली, मी आले. मटणाचा रस्सा ती चाखायची न्हाई, नुसत्या वासावर मीठ वळखायची. आन् तिचा एक नेम व्हता. गाडीवान असू दे न्हाईतर कचेरीतला कारकून, "वैनी, वाढा" म्हणल्याबिगार पळी उचलायची न्हाई. लोक हसायचे, पर म्हणायचे.

एकदा मी म्हणलं, "आगं, कशाला ही थेरं?"

"गावाला सवय लावतीया," ती म्हणाली. "तो येईल तवा त्याला एकट्याला सूट नगं."

सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर आला की! लेकीचं लगीन जमवायला म्हसवडचे सोयरे संगं. सोयऱ्यांनीच हट्ट धरला, जेवू तर हितंच. समदे म्हणाले, "वैनी, वाढा." लालासाहेबानं नुसतं ताट म्होरं सारलं. ताटात कोरडी भाकरी, म्होरं राही पळी घिऊन उभी.

सोयरा म्हणाला, "आवं पावणं, हितली रीतच हाय. म्हणा की."

"वैनी, वाढा," तो पुटपुटला.

"ऐकू आलं न्हाई, भावजी."

"भावजी?" सोयऱ्यानं मान वर केली.

"वैनी, वाढा!" ह्या बारीला चुलीपातूर ऐकू आलं.

राहीनं वाटी काठोकाठ भरली. त्यानं खाली मान घालून वरपली. चार वर्सांमागली चव जिभंला आठवली असणार, कारण रिकामी वाटी त्यानं आपणहून म्होरं केली. "वैनी, वाढा."

राहीनं पळी खाली ठिवली. "सरलं."

हंडा निम्मा भरल्याला. सोयऱ्यांना बी दिसत व्हता. मग त्याच्याच समोर पाट टाकून ती बसली आन् म्हणाली, "भामे, वाढ मला."

मी वाढलं. दुसरे जेवत असताना पंगतीतनं उठायचं नसतं, तवा लालासाहेब कोरडी भाकरी मोडत बसला, आन् राही त्याच्याकडं बघत दोन वाट्या सावकाश जेवली.