अकोल्यापर्यंत बुक

रिकाम्या सीटवरही माणूस बसलेला असतो, फक्त तो आपल्याला दिसत नाही. हे अध्यात्म मला कुण्या महाराजानं नाही, टीसीनं शिकवलं.

मी नागपुरातल्या सक्करदऱ्याची. नोकरी वर्ध्याच्या एका सरकारी कार्यालयात. रोज नागपूर-वर्धा, वर्धा-नागपूर. आमच्याकडे याला अपडाऊन म्हणतात आणि तो नोकरीपेक्षा मोठा धंदा आहे. घरी कुणी नवऱ्याला विचारलं, "वहिनी काय करतात?" तर तो आधी "अपडाऊन करते" म्हणतो आणि नोकरीचं मग सांगतो. त्याचंही खोटं नाही. नोकरीत मला झोप येते, अपडाऊनमध्ये येत नाही.

अपडाऊनवाल्यांजवळ महिन्याचा पास असतो. पास म्हणजे रेल्वेनं आपल्यावर केलेले उपकार, असं रेल्वेचं मत आहे. पास सगळ्या गाड्यांत चालत नाही. ज्या गाडीत तो बिनबोभाट चालतो, ती गाडीच धड चालत नाही, आउटरच्या सिग्नलला उभी राहून विचार करत बसते. जिनं ऑफिस वेळेवर गाठता येतं, तिच्यासाठी सुपरफास्टचे जादा पैसे भरा, आणि भरले तरी उभे राहा जनरलमध्येच. जनरलचे डबे एक इंजिनाला चिकटलेला, एक पार शेवटी. मधले सगळे रिझर्वेशनचे, आणि त्यातले बसायचे डबे नागपूरहून सुटताना निम्मे मोकळे. आम्ही त्यांच्या खिडक्यांतून आत पाहत पाहत शेवटच्या डब्याकडे पळायचो. लग्नघरात बिनबोलावलेल्यानं पंगतीकडे पाहावं तसं.

माझ्या टेबलाशेजारी एक पोरगी बसायची. पोरगी म्हणजे तिशीची, पण मला ताई म्हणायची म्हणून माझ्यासाठी पोरगीच. माहेर कुहीकडचं, धानाच्या शेतीतलं. सासर म्हणजे नागपूरच्या टोकाला, वाडीतली भाड्याची खोली, नवरा तिथल्याच एका गोदामात. ती वाडीहून स्टेशनला यायची तेव्हाच अर्धी दमलेली असायची. तिला दिवस गेले ही बातमी तिच्या नवऱ्याच्या खालोखाल मलाच कळली, कारण बुटीबोरीच्या आधी तिनं माझ्याच पिशवीत ओकारी केली. डबा होता त्यात माझा. मी दोन शिव्या घातल्या आणि मग दोघी हसत सुटलो.

तिचा हिशेब साधा होता. बाळंतपणाची सुट्टी सहा महिन्यांची. ती आधीपासून घेतली की तेवढीच मागून कापली जाते.

"मी शेवटपर्यंत येईन, ताई," ती म्हणायची. "लेकरू पालथं पडंन, बसू लागंन, तवर मले घरी राहाचं हाय. त्याचं पालथं पडनं मीच पाहीन. दुसऱ्यानं सांगतलेलं मले नाई आयकाचं."

"अवं, मग पायाकडे पाय ना जरा!" मी ओरडायची. पाय सुजायचे तिचे. चपलेचा पट्टा कातडीत रुतून बसायचा. आता कुणी म्हणेल, जनरलमध्ये माणुसकी नाही का? आहे ना! पण गाडी मागून कुठून कुठून भरून येते. जागेवरचा माणूस उठायला तयार असला तरी त्याला उठून उभं राहायलाच जागा नसते. अर्धवट उठलेले, मध्येच अडकलेले सज्जन मी कितीतरी पाहिले.

एक दिवस माझं डोकं सटकलं. तिचा हात धरला आणि सरळ रिझर्वेशनच्या डब्यात नेऊन बसवलं. अख्खी ओळ रिकामी होती. टीसी आला. चष्मा कपाळावर, हातात टॅब.

"मॅडम, पास इथं चालत नाही."

"मला माहीत आहे. पण हिची हालत पाहा. आणि सीट रिकामी आहे."

"रिकामी नाही. वर्ध्याहून बुक आहे."

"मग वर्ध्यापर्यंत कोण बसलं आहे इथं?"

"वर्ध्यापर्यंत ती वर्ध्याहून बुक आहे," तो शांतपणे म्हणाला.

"अहो, गरोदर बायांसाठी काही सोय असते म्हणे तुमच्याकडे!"

"असते ना. खालची बर्थ देतो आम्ही." त्याच्या चेहऱ्यावर अभिमान आला. "रिझर्वेशन असलं तर."

आम्ही दंड भरला. पावती हातात आली तशी मी तिला म्हटलं, बस आता. तर टीसी म्हणतो, "पावती फाडली म्हणजे सीट मिळाली असं नाही, मॅडम." त्या दिवशी आम्ही दोघी, दंड भरून, रिकाम्या सीटांच्या मधोमध वर्ध्यापर्यंत उभ्यानं गेलो. भैताड म्हणतात ते आणखी काय वेगळं असतं!

सातवा लागला. आमच्या डब्यातल्या आम्ही पाच बाया, रोजच्या. कुणी बँकेतली, कुणी शाळेतली. ठरलं, डोहाळजेवण गाडीतच करायचं. सण कुठे करायचा तर माणूस जिथं राहतो तिथं, आणि आम्ही राहतो गाडीतच. तिला विचारलं, काय खावंसं वाटते? संत्रा बर्फी? कोथिंबिरीची सांबारवडी?

"मले बसाचे डोहाळे लागले वं," ती म्हणाली. "खिडकीजवळ."

सगळ्या हसल्या. वर्गणी काढली. तिला एक दिवस तरी रिझर्वेशनच्या डब्यात, खिडकीशी, हक्कानं बसवायचं असं ठरलं.

मी मोबाइल उघडला. नागपूर ते वर्धा, वेटिंग. मी उडालेच! रोज डोळ्यांनी रिकाम्या पाहते त्या सीटांना वेटिंग? सहज म्हणून नागपूर ते अकोला टाकून पाहिलं. उपलब्ध. वा रे वा! म्हणजे या गाडीत बसून वर्ध्याला जाता येत नाही, वर्ध्यावरून मात्र जाता येतं. बाकीच्या म्हणाल्या, "काढा अकोल्याचं. वर्ध्याले उतराले कोण मना करते?" खिडकी मिळाली. आम्ही इतक्या खूश झालो की पुढे त्या सीटचं काय होईल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्या सकाळी ती हिरवी साडी नेसून, केसात गजरा माळून आली. तिला सीटवर बसवून आम्ही शेवटच्या डब्याकडे पळालो, कारण आमचा पास. गाडी सुटल्यावर लक्षात आलं, की डोहाळजेवण मागच्या डब्यात आहे आणि डोहाळे मधल्या डब्यात. वडीचा डबा डोक्यावर धरून आम्ही तिला फोन लावला.

"लई ऐसपैस हाय, ताई," ती म्हणाली. "टीसी आला, नाव पाहिलं, टॅबवर बोट ठेवलं. मॅडम म्हटलं मले! पण करमून नाई राहिलं वं. बाजूले कोनीच नाई."

मग आम्ही फोनवरच गाणी म्हटली. वरच्या फळीवरून एक परप्रांतीय खाली डोकावला, "किसकी शादी है?" मी म्हटलं, "शादी हो गई, भैया. उसके आगे का है."

बुटीबोरीला गाडी थांबली तशा आम्ही ओटीचं सामान घेऊन प्लॅटफॉर्मवरून धावलो. खिडकीच्या गजांतून तिनं पदर पसरला. तिच्याच आईनं कुहीहून पाठवलेले तांदूळ आत गेले. सुपारी गेली, खण गेला. नारळ जाईना! आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, शेंडी आत आणि नारळ बाहेर. बँकेतली म्हणते, फोडून द्या. शाळेतली म्हणते, ओटीचा नारळ फोडतात का, बाप्पा! तेवढ्यात गाडीनं भोंगा दिला. नारळ काखेत मारून आम्ही पाच बाया परत शेवटच्या डब्याकडे. आतली लोकं टाळ्या वाजवत होती. लाजबीज काही वाटली नाही, खरं सांगते.

वर्ध्याला ती उतरली. चेहरा कसा टवटवीत! "पाहा ताई, आज पट्टा रुतलाच नाई," म्हणून तिनं पाऊल पुढे करून दाखवलं. राहिलेली ओटी तिथंच भरू म्हणून तिला तिच्याच डब्यासमोरच्या बाकावर बसवलं आणि नारळ पदरात घातला.

मान वर केली तर तिच्या खिडकीत दुसरीच बाई. बारीक चणीची, कडेवर तान्हं. जनरलमध्ये शिरता आलं नसेल म्हणून इथं चढली असणार. तिच्यासमोर तोच टीसी, चष्मा कपाळावर. तिची पावती फाडून झाली होती.

"उठा आता. ही सीट बुक आहे."

"दादा, आत्ता तं पैसे घेतले तुम्ही!"

"पावती फाडली म्हणजे सीट मिळाली असं नाही."

"पन रिकामी तं हाय."

"रिकामी नाही. अकोल्यापर्यंत बुक आहे. पॅसेंजर आलेली आहे, नोंद आहे."

बाई लेकराला सावरत उठली. इतके महिने ज्या न दिसणाऱ्या माणसाला मी शिव्या देत होते, त्याला आज आम्हीच वर्गणी काढून तिथं बसवून आलो होतो.

मी काही बोलायच्या आत ती पोरगी बाकावरून उठली. पदरात नारळ तसाच धरून खिडकीशी गेली.

"ओ साहेब! वळखलं का? ही सीट माझी हाय."

"मॅडम, तुम्ही तर उतरल्या."

"मी उतरली? पाहा बरं टॅबात. माझं नाव कुठवर हाय?"

त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. पाहिलं. "अकोला."

"म्हंजे मी अजून तिथंच बसली हाय ना?"

टीसीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नाही म्हणावं तर नोंद खोटी पडते. "नोंदीप्रमाणे... हो."

"मंग आता मी जराशी सरकून बसली. ह्या बाईले बाजूले घेतलं. पावती तं तुम्हीच फाडली तिची. सरकून बसू नाई, असा काही नियम हाय का?"

तो उभा राहिला. मनात नियमांचं पुस्तक चाळत असावा. भोंगा वाजला, डबा हलला, आणि तो पुढच्या ओळीकडे गेला. बाई बसली. आणि गंमत पाहा, ती पूर्ण सीटवर नाही बसली. कडेला अंग चोरून बसली, खिडकीजवळची थोडी जागा मोकळी सोडून. तिथं आमची पोरगी बसली होती ना!

आम्ही ऑफिसला वेळेवर पोचलो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शेवटच्या डब्यात, दाराजवळ, उभी. आठव्याच्या सुरवातीला डॉक्टरीणबाईंनी तिचे पाय पाहिले आणि तिला घरी बसवलं. सुट्टी त्या दिवसापासून लागली. नियमच आहे तसा.

आता ती परत येते. लेकरू तिच्या आईजवळ, कुहीला. परवा गाडी सिंदीच्या पुढे गेली असेल, तिचा फोन वाजला. आईनं व्हिडिओ कॉल लावला होता. एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्या हातात मोबाइल, गर्दीत इकडून तिकडे ढकलली जात तिनं आपल्या लेकराला पालथं पडताना पाहिलं.