नूरबीची गिरणी आणि राखेचा सवाल

बोदवडला आमच्या गल्लीत नूरबीची पिठाची गिरणी आहे. पूर्वी ती कोळशाच्या वीजकेंद्राशेजारी राहायची. वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवरची, बिबड्यांवरची राख झटकण्यातच तिची जवानी गेली, म्हणून वीज म्हटली की ती आधी राखेचं विचारते.

यंदा विजेच्या बिलापायी गिरणी बंद पडायची वेळ आली, तेव्हा एक सोलरवाला आला. "रात्रीसाठी बॅटरीपण देतो, चाची."

"आणि बॅटरी मेली की तिला नेणार कोण?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"मग ती तुझ्याच घरी ठेव, बाबा."

तिचा भाचा आकिब धुळ्याला इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणाला, "खाला, खरी वीज अणूची. धूर नाही, रात्रंदिवस चालते."

"राख?"

"थोडीच उरते. पण हजारो वर्षं सांभाळावी लागते."

"कोण सांभाळणार?"

"सरकार."

नूरबी एवढी हसली की भुवयांवरचं पीठ उडालं. "गल्लीतला दिवा सांभाळता येईना त्यांना!"

"हस तू. पण रात्री ऊन कुठून आणशील?"

पोराचंही काही खोटं नव्हतं.

शेवटी तिनं छपरावर सोलर बसवलं, पण बॅटरी घेतली नाही. आता दळण फक्त ऊन असेतोवर. ढग आले की डबे ताटकळतात अन् डब्यांसोबत आम्ही बायाही. परवा मी कुरकुरले, "अगं, रात्रीच्या भाकरीला पीठ नाही माझ्याकडे."

"अक्का, गिरणी चालू राहिली ना?" नूरबी म्हणाली. "मग आज खिचडी टाका."