तिसरं मत

रेवती गवारेला शिवीचा कान होता. आठवडाभर ती सरकारी कार्यालयात इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करायची आणि रविवारी रॅप बॅटलला, म्हणजे यमकं जुळवून एकमेकांना उडवायच्या सामन्यांना, परीक्षक म्हणून जायची. कॉलेजात असताना ती स्वतः स्टेजवर उभी राहून पोरांना रडकुंडीला आणायची. दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये तिचे वडील भाऊसाहेब दर रविवारी तेच म्हणायचे, "लोक सुट्टीच्या दिवशी झोपा काढतात. तू शिव्या ऐकायला जातेस!"

"बाबा, तिथे तोंडाने मारतात, म्हणून हात खिशात राहतात. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघा, बिलकुल उलटं असतं," ती म्हणायची. आणि हे तिला मनापासून खरं वाटायचं.

जानेवारीतल्या त्या दुपारी गाझियाबादला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये फायनल होती. आत गर्दी इतकी की थंडीतही पत्र्याखाली घामाचा वास कोंडला होता. एका बाजूला अंकुर, तिथलाच गाझियाबादचा. आडदांड, बेंबीच्या देठापासून ओरडणारा. कागद म्हणून त्याला माहीत नव्हता, सुचेल ते समोरच्याच्या नाकाला नाक भिडवून फेकायचा. दुसऱ्या बाजूला दिल्लीतल्या द्वारकेचा अंशुमन. मराठी घरातला, चष्मा लावणारा. आवाज कधी चढवायचा नाही. महिनाभर एकेक ओळ घासून आणायचा आणि सुई टोचावी तशी हळूच आत घालायचा.

पहिली फेरी अंकुरने नेली. अंशुमनच्या चष्म्यापासून त्याच्या बापाच्या सरकारी क्वार्टरपर्यंत सगळं त्याने लाथेने उडवलं आणि गर्दीने पत्रे बडवले. दुसरी अंशुमनने नेली. त्याने अंकुरच्याच जुन्या ओळी उचलून अशा उलट्या टांगल्या की गर्दी आधी गप्प झाली आणि मग किंचाळली. तिसऱ्या फेरीला अंशुमन एक पाऊल पुढे आला. अंकुरचा थोरला भाऊ गेल्या वर्षी गल्लीतल्या हाणामारीत भोसकून मारला गेला होता आणि अंत्ययात्रेला चॅनेलवाले जमले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंशुमन अगदी शांतपणे म्हणाला,

"भाई की अर्थी उठी, तूने गिने कैमरे,
आँसू तेरे नकली, असली सिर्फ़ तेरे नखरे."

ओळ क्रूर होती, आणि बांधणीला चोख. अंकुरच्या मानेची शीर तटतटली. आता हा मारणार, असं तिला वाटलं. पण अंकुर प्रथमच हळू बोलला.

"कैमरे गिने थे, हाँ, क्योंकि कंधे कम पड़े थे,
तेरे जैसे यार मेरे मोड़ पे ही खड़े थे."

पत्रे कोसळतील असा गलका झाला. दोघांची तयारी किती वेगळी! एकाने महिनाभर सुरी परजली होती. दुसऱ्याने ती छातीत घेतली आणि तिथूनच उपसून परत मारली.

बाकी दोन परीक्षकांपैकी रेडिओवाल्याने अंशुमनचं नाव घेतलं, जुन्या रॅपरने अंकुरचं. माईक रेवतीकडे आला. तिने डोळे मिटून दोघांच्या ओळी मनात पुन्हा ऐकल्या. फरक केसाएवढा होता.

"अंकुर," ती म्हणाली.

अंकुरने हात पुढे केला. अंशुमनने तो घेतला नाही. तो हसला, चष्मा काढून खिशात घातला आणि बाजूचा लोखंडी माईकस्टँड उचलला. पहिला घाव अंकुरच्या जबड्यावर बसला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. अंकुर गुडघ्यावर आला, त्याच्या तोंडातून रक्ताबरोबर दात पडले. अंशुमनने स्टँड पुन्हा उचलला. रेवती मध्ये पडली. तिने त्याचं मनगट धरलं, त्याने झटका दिला, तशी ती टेबलावर आपटली आणि तिच्या कपाळाची कातडी फाटली. तेवढ्यात स्टँड अंकुरच्या खांद्यावर, मग पाठीवर उतरला. मग गर्दी स्टेजवर चढली. खुर्च्या उडाल्या, कुणी अंशुमनला खाली पाडून लाथा घातल्या. पोलीस येईपर्यंत शेडची जमीन निसरडी झाली होती.

एका डोळ्यातलं रक्त पुसत रेवतीने दुसऱ्याने सगळं पाहिलं.

अंकुरचा जबडा तारांनी बांधला. पुढचे कित्येक आठवडे त्याला नळीने दूधच प्यायचं होतं. अंशुमन जामिनावर सुटला, आणि एका संध्याकाळी त्याचे वडील, दत्तात्रय, भाऊसाहेबांकडे येऊन बसले. दिल्लीतल्या मराठी मंडळींत दोघांची जुनी ओळख होती.

"रेवतीताई, तुम्ही जबाबात एवढंच सांगा, की धक्काबुक्कीत स्टँड पडला. पोराचं आयुष्य आहे हो. आपल्यातलाच आहे."

"काका, मी त्याला तो उचलताना पाहिलं."

"मग निकाल तरी नीट द्यायचा होता!" दत्तात्रयांचा आवाज फुटला. "मी व्हिडिओ पाहिलाय. माझा मुलगा जिंकला होता. तुम्ही त्याला चिडवलंत."

भाऊसाहेब उठून उभे राहिले. रेवतीने त्यांना हातानेच बसवलं. त्या दिवसापासून तिनेही तो व्हिडिओ कितीदा तरी पाहिला होता. कधी अंकुर पुढे वाटायचा, कधी अंशुमन.

"काका, निकाल तुमच्या मुलाच्या बाजूने गेला असता तरी चूक झाली नसती. इतकं जवळचं होतं ते," ती म्हणाली. "पण ते माझं मत होतं. स्टँड त्याने उचलला. पहिल्या घावानंतर त्याने थांबायचं होतं, तो थांबला नाही. मी तेवढंच सांगणार."

दत्तात्रय चहा न पिता गेले. भाऊसाहेबांनी तो गार कप उचलून मोरीत ओतला.

"त्या दुसऱ्या पोराला भेटून आलीस?" त्यांनी विचारलं.

"उद्या जातेय."

"मीही येतो," भाऊसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं मेट्रोने गाझियाबादला गेली. अंकुर खाटेवर बसला होता, गाल सुजलेले, ओठांमागे तारा. त्याला बोलता येत नव्हतं. रेवतीला पाहून त्याने मोबाइल उचलला आणि टाइप केलं, "मैडम, सच बताना. जीता था ना मैं?"

भाऊसाहेबांनी रेवतीकडे पाहिलं.

"हाँ. बाल बराबर फ़र्क़ से," ती म्हणाली.

अंकुरने डोळे मिटले. तारांच्या मागून हसायला गेला आणि कळ आली, तसा खाटेची कड धरून कण्हला. मग दोघांनी मिळून त्याला उशीवर टेकवलं.